एमएस्सी फिजिक्सनंतर विज्ञानशिक्षण आणि विज्ञानप्रसारात करिअर कसं करायचं?

दोन वाटा वेगळ्या आहेत, आधी त्या वेगळ्या ठेवा. मुलं कशी शिकतात, कुठे अडतात यावर संशोधन करायचं असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा. ते टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) केंद्र आहे आणि तिथे विज्ञानशिक्षणात पीएचडी करता येते. प्रयोग दाखवायचे असतील तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र किंवा पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका.

दुसऱ्या वाटेवर पदवीपेक्षा तुम्ही स्वतः बसवलेले प्रयोग जास्त बोलतात (निदान माझं मत तसं आहे). सुरुवातीला हा करा: छोट्या आरशावर काळा कागद लावून १ सेंमीचं भोक ठेवा. आरसा उन्हात धरून कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या, २० मीटर दूरच्या भिंतीवर पाडा. सूर्याची साधारण १८-१९ सेंमीची प्रतिमा मिळते, कारण प्रतिमेचा व्यास अंतराच्या सुमारे १०८व्या भागाइतका असतो. अंतर कमी पडलं तर भिंतीवर सूर्य नाही, भोकाचाच आकार दिसतो. चौकोनी भोकाने ते लगेच पडताळता येतं. भोक मोठं केलं की उजेड वाढतो, पण कडा धूसर होतात. आरसा हातात धरू नका, वाळूभरल्या डब्यात खोचा. तरीही प्रतिमा दोनेक मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतकी सरकते, आणि खरा धडा तिथेच सुरू होतो: का सरकली, हे मुलांनाच विचारा. आरशात थेट कोणी बघणार नाही, एवढी काळजी मात्र घ्या.

अर्जासोबत असे तीन-चार प्रयोग, साहित्य आणि फसण्याच्या जागांसकट लिहून जोडा.