अल्ट्रासाऊंडने जाळलेली गाठ पुन्हा किती वाढेल, हे संगणकावर काढता येतं का?

फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, फोकस्ड अल्ट्रासाऊंडने (एका बिंदूवर एकवटलेल्या ध्वनिलहरींनी) जाळलेल्या गाठीची पुढची वाढ प्रोजेक्टमध्ये काढायची आहे आणि सर म्हणतात ‘सोपं आहे’, असं तुम्ही लिहिलंय. मी फोंड्यात राहतो आणि आकडेमोडीचे कोड लिहूनच पोट भरतो. अर्धं सोपं आहे, हे खरं.

ते अर्धं म्हणजे उष्णता. लहरींच्या आकडेमोडीसाठी के-वेव्ह हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेच घ्या, समीकरणं सोडवणारा कोड (सॉल्व्हर) स्वतः लिहीत बसू नका. तापमानासाठी पेनेसचं १९४८चं समीकरण अजूनही चालतं: लहरींतून आलेली उष्णता, आजूबाजूला पसरणारी उष्णता आणि रक्त वाहून नेतं ती. त्यावरून ‘डोस’ काढायचा. ४३ अंशांवर २४० मिनिटं मिळाली की तिथलं ऊतक मेलं असं धरतात, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला वेळ निम्मा होतो. म्हणून ५६ अंशांना दोन सेकंदही लागत नाहीत.

आता याच नियमाची दुसरी बाजू बघा. रक्तप्रवाहाचा आकडा थोडा चुकला आणि तापमान दोन अंशांनी हुकलं, तर डोस चौपट चुकला. फोकसच्या मध्यात याने काही बिघडत नाही, तिथे डोस गरजेच्या कितीतरी पट असतो. बिघडतं ते कडेला. आणि गाठीच्या कडेलाच रक्तपुरवठा चांगला, पेशी जोमात. म्हणजे उष्णता जिथे कमी पडते, नेमक्या तिथल्याच पेशी सर्वांत वेगाने वाढणाऱ्या! रंगीत हीटमॅप पाहून परीक्षक खूश होतील, पण पुढच्या वाढीचं उत्तर या कडेच्या एक-दोन मिलिमीटरवर ठरतं.

आकडे घालून बघा. गाठ दुप्पट व्हायला १०० दिवस लागतात असं धरा. ९० टक्के पेशी मेल्या तर मूळ संख्येवर यायला सुमारे ३३० दिवस, ९९ टक्के मेल्या तर ६६०, ९९.९ टक्के मेल्या तर जवळजवळ हजार. शेवटच्या ०.९ टक्क्याने ३३० दिवसांचा फरक पडतो! दुपटीचा वेळ कायम न धरता वाढीसाठी गोम्पर्ट्झचा वक्र घेतलात तर हे दिवस कमी भरतात, कारण त्यात लहान गाठ जास्त वेगाने वाढते. म्हणून एकच रेघ काढून ‘हे उत्तर’ म्हणू नका. रक्तप्रवाह आणि शोषणाचे (ऊतक लहरींची किती उष्णता करतं त्याचे) आकडे वरखाली करून कोड शे-दोनशे वेळा चालवा आणि उत्तरांचा पट्टा दाखवा. मेलेल्या पेशी लगेच नाहीशा होत नाहीत, तेव्हा आकारमान आणि जिवंत पेशी हे दोन वेगळे व्हेरिएबल ठेवा.

रुग्णांच्या स्कॅनसाठी बांबोळीला मेडिकल कॉलेजात खेपा मारण्याचा विचार असेल तर सध्या सोडा, एथिक्सच्या परवानगीतच सेमिस्टर संपेल. त्यापेक्षा अगारची जेल करा (बाजारात चायना ग्रास म्हणून मिळतं तेच), शोषण वाढवायला त्यात आटवलेलं दूध घाला आणि ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडचं १ मेगाहर्ट्झचं मशीन लावून थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या बारीक तारेने) तापमान मोजा. तो झोत फोकस्ड नसतो, पण उष्णतेचा कोड तपासायला पुरतो. सुरुवातीची एक-दोन सेकंदं सोडून द्या, तारेपाशी लहरींच्या घर्षणाने जादा उष्णता दिसते. आणि जेलमध्ये रक्त नाही, तेव्हा जुळवताना पेनेसमधली रक्ताची टर्म शून्य ठेवा.