मुलीला ऑनलाइन कन्नड शिकवणी लावायची आहे, पण शिक्षक ओळखीचे नाहीत आणि घरात कोणाला कन्नड येत नाही. काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलेली परिस्थिती अशी आहे: मुलगी निपाणीजवळच्या गावात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकते, तिचे कन्नड कच्चे आहे, शिकवणारे गृहस्थ धारवाडचे असून एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांचा नंबर मिळाला आहे, तुम्ही दोघे सायंकाळपर्यंत तंबाखूच्या वखारीत असता, आणि पाच वाजता शिकवणी सुरू होईल तेव्हा मुलीजवळ फक्त तिची आजी असेल. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी हायस्कुलात गणित शिकवत होते आणि २०२० पासून मुलांना ऑनलाइन शिकवते, म्हणजे ज्या माणसाविषयी तुम्हाला शंका आहे त्याच्या खुर्चीत मी रोज बसते. त्या बाजूने जे दिसते ते सांगते.

शिकवणी बंद खोलीत होऊ देऊ नये, मुलीने सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत बसावे, कानात इअरफोन न घालता स्पीकर चालू ठेवावा, हा सल्ला तुम्हाला कोणीही देईल आणि तो योग्यच आहे. मी मराठीतून गणित शिकवते तेव्हा पलीकडे भाकरी थापणारी आई माझा प्रत्येक शब्द ऐकत असते. एकदा तर एका आईने आतूनच सांगितले, "बाई, थांबा जरा, त्याचं अजून लिहून व्हायचंय." पण तुमच्या घरी शिकवणी कन्नडची आहे. कर्नाटकातील शाळांत कन्नड शिकावेच लागते, त्यामुळे आपल्या सीमाभागात मुले त्या भाषेत आईवडिलांच्या पुढे निघून जातात आणि मोठ्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण बोलणे कळत नाही. सोप्यात बसलेली आजी त्या तासाला हजर असते, साक्षीदार मात्र नसते. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली खरी अडचण हीच आहे आणि ॲपच्या कोणत्याही सेटिंगने ती दूर होणार नाही.

यावर मी पालकांना दोन गोष्टी सुचवते. रात्री जेवताना मुलीला आज काय शिकवले ते मराठीत सांगायला लावा. धडा कोणता होता, सर कशावर हसले, तिचे काय चुकले, हे सगळे तिने गप्पांच्या ओघात सांगावे, त्याला चौकशीचे रूप येऊ देऊ नका. त्याने तिचे कन्नडही पक्के होईल आणि एखाद्या दिवशी ती नेहमीसारखे सांगत नसेल तर ते तुमच्या लगेच ध्यानात येईल. दुसरे म्हणजे शिक्षकांना आधी स्पष्ट सांगून तास फोनवर रेकॉर्ड करा, आणि कन्नड जाणणाऱ्या विश्वासातल्या माणसाला, मग तो चिकोडीला कामाला जाणारा पुतण्या असो की शेजारच्या काकू, आठवड्यातून एकदा त्यातली कोणतीही दहा मिनिटे ऐकायला द्या. रेकॉर्डिंग तुमच्याकडेच राहील, शिक्षक ते यूट्यूबवर किंवा जाहिरातीसाठी वापरणार नाहीत, हेही त्याच वेळी ठरवून घ्या.

शिक्षकांची पारख करण्यासाठी पहिले बोलणे तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉलवर करा, मुलीला तेव्हा समोर बसवू नका. ते सध्या ज्यांना शिकवतात अशा दोन मुलांच्या पालकांशी बोला. पोलिसांचा दाखला मागण्यात गैर काहीच नाही, आणि कर्नाटकात त्यासाठी सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरून अर्ज करता येतो. तरीही दाखल्याचा अर्थ इतकाच की त्या माणसावर नोंदवलेला गुन्हा सापडला नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून ठेवली जाते, पण ती तपास यंत्रणांसाठीच आहे, तुम्हाआम्हाला पाहता येत नाही. म्हणून कागदापेक्षा तुमच्या अटी ऐकून ते काय म्हणतात याकडे मी जास्त लक्ष देईन. रेकॉर्डिंगची अट ऐकून मला कधी राग आला नाही, कारण उद्या माझ्यावर खोटा आळ आलाच तर तेच रेकॉर्डिंग माझ्या उपयोगी पडेल. "विश्वास नसेल तर दुसरीकडे बघा" असे उत्तर आले, तर खरोखर दुसरीकडे बघा.

आता माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीला मी अठरा मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यात मुलांचेच नंबर घेतले आणि सामील होण्याची लिंक पुढे पाठवायला कोणाला मनाई केली नाही. ग्रुपमधील प्रत्येकाला इतरांचे नंबर दिसतात, याचा मी विचारच केला नव्हता. दोन महिन्यांनी एका मुलीला रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून "गृहपाठ झाला का" असा मेसेज आला, आणि पाठवणाऱ्याने मी गणिताच्या क्लासमधलाच आहे असे सांगितले. ती लिंक कोणाच्या तरी हातून बाहेर गेली होती. मुलीने ते आईला त्याच रात्री दाखवले, म्हणून पुढचे टळले. मी ग्रुप मोडला. तेव्हापासून माझा निरोप पालकाच्या नंबरवर जातो, गृहपाठाचा फोटो पालकाच्याच नंबरवरून येतो, आणि त्यात फक्त वही असते, वही धरलेले मूल नसते. शिक्षक आणि मूल यांच्यात पालक नसलेला एकही रस्ता असता कामा नये, एवढी एक अट तुम्ही पहिल्याच दिवशी घाला. व्हॉट्सॲपच्या गोपनीयता सेटिंगमध्ये ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल आणि प्रोफाइलचा फोटो कोण पाहू शकेल, या दोन्ही ठिकाणी 'माझे संपर्क' हा पर्याय निवडा.

असा आडरस्ता बहुतेक वेळा कोणाच्याही वाईट हेतूशिवाय तयार होतो. झूमवरची मोफत बैठक ४० मिनिटांनी बंद पडते, धडा अर्धा राहिलेला असतो, आणि शिक्षक सहज म्हणतात, "व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करतो." पावसाळ्यात आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या मुलांचे आणखी वेगळे असते. रेंजसाठी ती फोन घेऊन घराबाहेर, शेताच्या बांधावर जाऊन बसतात, आणि सोप्यातला तास आपोआप कोणाच्याही नजरेबाहेर जातो. यासाठी वेळ संपली की तास संपला आणि रेंज गेली की तास उद्यावर, असे आधीच ठरवून ठेवा. आठवीच्या मुलीला चाळीस मिनिटे पुरतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांतही पहिली ते आठवीच्या ऑनलाइन वर्गांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे सांगितली होती.

घरात फोन एकच असेल तर तुमचे बँकेचे ॲप आणि ओटीपीचे मेसेज त्याच पडद्यावर असतात. मुलीने स्क्रीन शेअर केली की ते सगळे पलीकडे दिसते. पैशांच्या ॲपना कुलूप लावा, यूपीआयचा पिन तिला सांगू नका, आणि शिकवणीच्या नावाखाली फोन दुरून चालवण्याचे कोणतेही ॲप घेऊ नका.

फसवणारा माणूस पहिल्या आठवड्यात वावगे काही बोलत नाही. तो वाजवीपेक्षा जास्त कौतुक करतो, रिचार्ज करून देतो, घरातले भांडण आपुलकीने विचारतो, मग दुसऱ्या ॲपवर बोलावतो आणि "हे आईला सांगू नको" असे एखादे क्षुल्लक गुपित ठेवायला लावून बघतो. गुपित राखायला सांगणारा शिक्षक कितीही चांगला शिकवत असला तरी ते घरी सांगायचे, आणि सांगितल्यावर फोन काढून घेतला जाणार नाही, हे मुलीला तुमच्या तोंडून आजच ऐकू द्या. फोन जाईल या भीतीनेच मुले गप्प बसतात. (घरात मुलगा असेल तर त्यालाही हेच सांगा. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, पण मुलग्याविषयी हा प्रश्न मला अजून एकाही पालकाने विचारलेला नाही.)

काही घडलेच तर मेसेज पुसू नका. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, पण मुलीचे आक्षेपार्ह चित्र असेल तर ते नातेवाइकांनाही पुढे पाठवू नका, कारण ते पाठवणे हाच गुन्हा ठरतो. तो फोन तसाच पोलिसांकडे न्या. तातडीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच कळवा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते, आणि बेळगावात सायबर गुन्ह्यांची दखल घेणारे सीईएन पोलीस स्थानक आहे.

सीमेवर राहणाऱ्यांना दोन तरतुदी माहीत असाव्यात. माणूस धारवाडचा असो की कोल्हापूरचा, "हे आमच्या हद्दीत येत नाही" असे सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती नोंदवता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. दुसरी तरतूद भाषेची आहे. आपल्याकडे तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते, पण २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषा द्यावा लागतो, आणि लिहिलेले वाचूनही दाखवावे लागते. मुलीचा जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे मागायला संकोच करू नका. तुमच्या मुलीला कन्नड वाचता येते म्हणून दुभाषा नको, असे कोणी म्हणाले तर ऐकू नका, कारण घाबरलेल्या मुलाला आईच्या भाषेतच नीट सांगता येते.

तुमच्या बाबतीत मी पाचची वेळच मान्य करणार नाही. वखारीतून तुम्ही घरी पोहोचून हातपाय धुतल्यावर, साडेसात ते आठ वाजून दहा मिनिटे अशी वेळ मागा, आणि पहिला महिनाभर चहाचा कप घेऊन मुलीच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसाल अशा बसा. कन्नड येत नसले तरी बसा.