पहिल्या तालमीला कुणाला गाऊ देऊ नकोस

अगं, तुझा मेसेज काल रात्री वाचला, किर्लोस्करांचं संगीत सौभद्र बसवतेयस, रविवारी पहिली तालीम आणि प्रश्न काय तर आधी वाचन घेऊ की आधी पदं, म्हणजे नाटकातली गाणी. मी काय केलं होतं ते सांगते म्हणजे निदान तू तरी ते करणार नाहीस.

मीसुद्धा पहिलं संगीत नाटक सौभद्रच बसवलं. शाळेचा एक वर्ग मिळाला होता सहा ते साडेनऊ, बाकं भिंतीला सरकवून सतरंजी टाकलेली. नारळ, नटराजाला हार, पेढे, ग्रुप फोटो यातच पावणेसात वाजले (हे सगळं आदल्या दिवशी उरक, खरंच). मग वाचन सुरू झालं आणि अर्जुनाचं पद आलं. त्या मुलाने मोबाईलवर तानपुरा लावला, डोळे मिटले आणि अकरा मिनिटं गायला. सुंदर गायला, नाही म्हणत नाही मी, सगळे वाहवा करतायत, मी पण मान डोलावतेय, दिग्दर्शक कसली, पुढच्या रांगेतली प्रेक्षकच झाले होते मी. आणि सुभद्रा करणारी मुलगी, अभिनयात बाकी सगळ्यांच्या दोन पावलं पुढे, ती संहितेच्या पानाचा कोपरा दुमडत बसलेली. दुमडतेय, उलगडतेय, परत दुमडतेय. तिची पाळी आली तर म्हणाली ताई आज घसा बसलाय. घसाबिसा काही बसला नव्हता. वॉचमन कुलूप घेऊन दारात आला तेव्हा पाच अंकांतला एक कसाबसा झाला होता.

म्हणून रविवारी गाणं नाही. पदं वाचायची, गद्यासारखी, समोरच्याकडे बघून. हसतील पहिल्यांदा, हसू दे. कृष्ण रुक्मिणीला पहाट झाली सांगतो ते पद घेऊन बघ. गायला लागले की सगळे थेट देशकार रागात घुसतात आणि समोर बायको बसलीय हेच विसरतात. नुसतं वाचायला लावलं की कृष्णालाच प्रश्न पडतो, अरे उजाडलं एवढंच सांगायचंय तर मी एवढं लांबण का लावतोय? तो प्रश्न पडू दे त्याला, उत्तर तू देऊ नकोस. आणि आता तर सगळे यूट्यूबवरून बसवून येतात, कुठल्यातरी बुवांच्या जागा, म्हणजे गाण्यातल्या खास हरकती, जशाच्या तशा, खोकल्यासकट. ते एकदा गळ्यात बसलं की निघता निघत नाही.

पेटीवाले आणि तबलेवाले मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. वाजवायला नाही, ऐकायला. मी पैसे वाचवायला त्यांना शेवटच्या दहा दिवसांत बोलावलं, मग काय व्हायचं, वाक्य संपलं की नट थांबणार, पेटीकडे बघणार, सूर आला की घसा खाकरून सरळ उभा राहणार, तोवर प्रसंग मेलेला. पेटीवाला वाचनाला बसला असेल तर त्याला कळतं की वाक्य चालू असतानाच कुठल्या शब्दावर हळूच सूर धरायचा, मग नट बोलता बोलता पदात शिरतो. त्या शब्दाखाली त्याच्या प्रतीत पेन्सिलीने रेघ मारून घे, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

शेवटचा अर्धा तास पट्ट्यांसाठी ठेव, म्हणजे कुणाचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते ठरवायला. एकेकाला पेटीजवळ बोलावून ठरव, चारचौघांत नको. साधारण पुरुष काळी एक-दोन आणि बायका काळी चार-पाच, पण काहींना वरची पट्टी म्हणजे मानाची वाटते, तिकडे लक्ष देऊ नकोस. शालू, दागिने, डोक्यावर लाईट आणि मागे दीड तासाचं नाटक, एवढं सगळं असताना वरचा सा लागेल का हे बघायचं. मग ती यादी तबलेवाल्याला दे, कारण कुठले आणि किती तबले घेऊन यायचे हे त्याला त्यावरून कळतं. काळी एक आणि काळी चार एवढ्या दोनांत भागवलंस तर तो तुला दुवा देईल.

राहिली कापाकापी. 1882 साली हे नाटक आलं तेव्हा पदं शंभराच्या वर, प्रयोग रात्रभर चालायचे आणि सुभद्रेच्या भूमिकेत भाऊराव कोल्हटकर, लोक यायचेच मुळी ऐकायला. तुझ्याकडे तीन तास, त्यात मध्यंतर, त्यात कुणीतरी वन्समोर ओरडणार. म्हणजे पदं राहिली तर पंचवीसेक. कुठली राहणार ते पहिल्याच दिवशी प्रतीत लिहिलेलं असू दे. मी "बघू पुढे" म्हणाले होते. सगळ्यांनी आपापली पदं घरी घोटून तयार केली आणि प्रयोगाला आठवडा उरला असताना मी कात्री चालवली, तर माझा नारद तीन दिवस फोन उचलेना. नारद! भांडणं दुसऱ्यांत लावायची ज्याने, तो स्वतःच रुसून बसला.

तुझी कापलेली यादी शनिवारच्या आत पाठव, बघून देते. आणि ज्याचं सगळ्यात जास्त उडवशील त्याला तालमीच्या आधी फोन कर, कागद हातात पडल्यावर कळायला नको. नारदाला तर करच.