फॉरमॅट करू देऊ नका

प्रश्न : माझा आठ वर्षांचा लॅपटॉप पावसाळाभर कपाटात होता. गणपतीत काढला. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो, पण पडदा काळाच. कंपनीचं चिन्हसुद्धा येत नाही. गावातल्या दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, ‘फॉरमॅट मारून बघू, नाहीतर मदरबोर्ड गेला.’ आत माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. आई आता नाही. दुसरीकडे कुठे कॉपी नाही. काय करू?
– एक शिक्षिका, देवरूख

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्या दुरुस्तीवाल्यांना फोन करा आणि फॉरमॅट करू नका, म्हणजे डिस्क पुसू नका, म्हणून सांगा. बाकीचं नंतर वाचा.

विंडोज असते डिस्कवर, आणि तुमच्या ओव्याही तिथेच. बटण दाबल्यावर मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, आधी प्रोसेसर, मेमरी, पडदा तपासतो आणि ते जमलं तरच डिस्ककडे वळतो. तुमच्याकडे कंपनीचं चिन्हच उमटत नाही, म्हणजे यंत्र त्याआधीच अडलंय. डिस्क पुसून हा बिघाड जाणार नाही, ओव्या मात्र जातील. मी बावीस वर्षं हेच काम करतोय आणि अशी पुसलेली डिस्क घेऊन आलेली माणसं पाहिली आहेत. त्यांना काय सांगायचं ते मला अजून सुचत नाही.

दिवा लागतो, पंखा फिरतो, तेव्हा वीज आत पोचते आहे. माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर. कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लॅपटॉपच्या रॅमपट्टीवरचे सोनेरी संपर्क काळवंडतात आणि मेमरी सापडत नाही म्हणून बोर्ड थांबतो. लुकलुकणारा दिवा बहुधा तेच सांगतोय.

चार्जर काढा. खालची बॅटरी खटके सरकवून निघत असेल तर तीही काढा. मग चालू करायचं बटण ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. आता नुसता चार्जर लावून बघा. कधी कधी एवढ्यावरच सुरू होतो.

नाही झाला, तर चार्जर पुन्हा काढून रॅमवरचं झाकण उघडा. झाकण वेगळं नसेल आणि बॅटरी आतच बसवलेली असेल, तर हे काम जाणकाराकडून समोर बसून करून घ्या. बॅटरीची वायर सुटल्याशिवाय आत कशालाच हात लावायचा नाही. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नका, चार्ज करू नका.

हात आधी एखाद्या धातूच्या वस्तूला लावा. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ओढले की ती आपोआप तिरकी वर येते. सोनेरी कडेवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा. मुलांचा पेन्सिलचा चालेल, शाईचा खरखरीत नको. बारीक कण झटका, खाचेत फुंकर मात्र मारू नका, तोंडातली वाफ जाते. पट्टी तिरकी घालून शेवटपर्यंत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही चिमटे ‘कट्’ करून बसले पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. पहिल्यांदा चालू करताना पाच मिनिटं थांबा, काही यंत्रं नवी मेमरी ओळखायला वेळ घेतात.

तरी काळाच राहिला, तर अंधारात पडद्यावर तिरकी टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर लॅपटॉप चालतोय, फक्त पडद्यामागचा उजेड गेलाय. एचडीएमआयची वायर टीव्हीला लावूनही हे कळेल.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी ओव्यांची आशा सोडू नका. आठ वर्षांपूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क असते. ती काढून यूएसबीच्या केसिंगमध्ये (वायरवाल्या डबीत) घातली की दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्हसारखी उघडते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर गाळ भरलेले लॅपटॉप माझ्या टेबलावर आले. बोर्ड बहुतेक कामातून गेले होते. पण ज्यांनी ते घाईने चालू करून पाहिले नव्हते, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे फोटो मिळाले. डिस्कमधून ‘टक टक’ आवाज आला तर मात्र लगेच वीज काढा आणि डेटा परत मिळवणाऱ्यांकडेच द्या. प्रत्येक नव्या प्रयत्नात डिस्कच्या तबकडीवर ओरखडा पडू शकतो. डिस्क जोडल्यावर ‘बिटलॉकर’ची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी किल्ली मागितली, तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल.

ओव्या हाती आल्या की त्याच दिवशी एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि दुसरी मुलांच्या किंवा भावंडांच्या घरी ठेवा. लॅपटॉप दुकानात द्यायचाच झाला तर डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा. बोर्ड तपासायला तिची गरज नसते.

एक काम माझ्यासाठी करा. कॅप्स लॉक किती वेळा लुकलुकतो, मग किती थांबतो, हे मोजून लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरच्या मॉडेल क्रमांकासह लिहून पाठवा. प्रत्येक कंपनीची ही खूण वेगळी असते, त्यावरून नेमका कोणता भाग ते मी शोधून सांगतो.