स्नायू पाठ आहेत, तरी फिगर ताठ का येते?

प्रश्न : बरेच दिवस मी पुस्तकावरून अ‍ॅनाटमी शिकतेय, कुठला स्नायू कुठून निघतो नि कुठे जोडला जातो ते सगळं पाठ झालंय. आता लाइफ ड्रॉइंगच्या क्लासला जायला लागले तर समोर मॉडेल असूनही मी डोक्यातलंच चित्र काढते आणि फिगर एकदम ताठ येते. सर म्हणतात, अ‍ॅनाटमी विसर, रेषेकडे लक्ष दे. खरंच विसरू का?

उत्तर : नाही हो, विसरू नका! एवढी मेहनत केलीय ती टाकून कशाला द्यायची. सरांना बहुतेक असं म्हणायचं असेल की पोज सुरू झाल्या झाल्या स्नायू काढू नकोस, आणि ते मात्र अगदी बरोबर आहे.

पोज सुरू झाली की आधी एकच बघायचं, वजन कुठल्या पायावर आहे. ज्या पायावर भार त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं, दुसऱ्या बाजूचं खाली उतरतं, आणि तोल सांभाळायला खांदे बहुतेक वेळा उलटे कलतात, म्हणजे भाराच्या बाजूचा खांदा खाली येतो, मग त्या बाजूला बरगड्या नि कंबर जवळ येऊन कातडीला घडी पडते आणि दुसरी कूस लांब ताणली जाते. ग्रीक शिल्पकारांच्या हे इसवी सनापूर्वी 5व्या शतकातच लक्षात आलं होतं, त्यांचे उभे पुतळे बघा, दगड असूनही आत्ता पाऊल उचलतील असं वाटतं. तोल तपासायला पेन्सिल ओळंब्यासारखी उभी धरा. सगळा भार एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली रेषा साधारण त्याच पायाच्या आतल्या घोट्यापाशी उतरते. तुमच्या कागदावर ती भलतीकडेच जात असेल तर ती फिगर पडणार, मग वर कितीही सुंदर स्नायू काढा.

त्यानंतर हाडं, आणि तीही सगळी नाही, कातडीच्या लगेच खाली असतात तेवढीच. गळ्याची खळगी, हासळी, खांद्याचं टोक, कोपर, मनगट, कंबरेची पुढची दोन टोकं, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे. मॉडेल जाड असो की बारीक, ही ठिकाणं बहुतेक सापडतातच म्हणून माझा सगळा भरवसा यांच्यावर.

आता रेषेचं. गुडघ्याखालचा पाय घ्या, कारण ताठपणा सगळ्यात जास्त तिथेच दिसतो. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला त्याच्यापेक्षा खाली उतरतो, आणि घोट्यांचं बरोब्बर उलटं, आतला वर आणि बाहेरचा खाली. म्हणजे पायाच्या दोन कडा कधीच समोरासमोर फुगत नाहीत. दोन्हीकडे सारखी रेषा ओढली की झाला नळ. तुम्हाला हे पुस्तकातून माहितीच असणार पण मॉडेलसमोर ते आठवून काढायचं नाही, ते माहितीय म्हणून तिथे नीट बघायचं, की आज या पायात, या कोनातून, ते किती दिसतंय. अ‍ॅनाटमीचा उपयोग मला तरी हाच वाटतो, कुठे बघायचं ते तिने सांगावं आणि काय दिसलं ते डोळ्यांनी.

हाड वर आलंय तिथे रेषा सरळ नि कडक ठेवा, मांसल भागावर सैल सोडा. आणि कुठली रेषा कुठल्या रेषेच्या पुढून जाते ते चुकवू नका, गुडघा दुमडला की मांडी पोटरीवर दाबली जाते, तिथे एक रेषा दुसरीच्या मागे गेली की शेडिंग न करता सुद्धा खोली येते. लिओनार्दोने स्वतः मृतदेह चिरून शरीर अभ्यासलं होतं, तरी प्रत्येक स्नायू उठवून दाखवणाऱ्यांची चित्रं अक्रोडांच्या पोत्यासारखी दिसतात असं त्यानेच बजावलंय.

एक करून बघा, क्लासमधलं चित्र घरी आणून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि आतला सांगाडा काढा. कंबरेचं हाड तुमच्या बाह्यरेषेत मावतच नाही किंवा मांडीचं हाड भलतंच लांब करावं लागतंय, असं झालं की चूक कुठे झाली ते लगेच कळतं. पाठांतराची खरी जागा इथे आहे. एक-दोन मिनिटांच्या पोजमध्ये मात्र स्नायूला हात लावू नका, फक्त वजन, कल आणि लांब रेषा, आणि हात मनगटातून नाही तर खांद्यातून चालवा.

प्रश्न : लांब पोजमध्ये मॉडेल हळूहळू सैल पडतं, मग आधीच्या रेषा पुसून नव्या काढायच्या का?

उत्तर : नका पुसू. शरीर दमतं आणि बसतं, त्यात मॉडेलची काही चूक नाही. पहिल्या काही मिनिटांत पकडलेला कल तसाच ठेवा, पुढचे बारकावे त्यातच बसवा, प्रत्येक हालचालीच्या मागे धावलात तर धड पहिली पोज राहणार नाही नि धड शेवटची. सगळ्यात आधी हलतात ते डोकं आणि हात, त्यांची दिशा सुरुवातीलाच नोंदवून ठेवा. ब्रेकच्या आधी पावलांभोवती खडूने किंवा टेपने खुणा करून घ्या म्हणजे मॉडेलला परत त्याच जागी उभं राहता येतं. पोज फारच बदलली असेल तर क्लास घेणाऱ्यांना सांगा, स्वतः जाऊन मॉडेलला हात लावून सरळ करायचं नाही, कधीच नाही.