खंदकातला माणूस

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. मेहनत दिसते आहे. पण पहिल्याच पानावर तू प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादातल्या युथिफ्रोला ‘स्वतःच्या बापावर खटला भरणारा मूर्ख’ म्हणून निकालात काढलंस, तिथे मी अडलो.

आधी नॅक्सॉस बेटावरच्या त्या शेतावर जाऊन ये. युथिफ्रोच्या घरचा एक मजूर दारूच्या नशेत घरच्या गुलामावर चिडला आणि त्याने त्याचा गळा चिरला. बापाने मजुराचे हातपाय बांधून त्याला खंदकात टाकलं आणि पुढे काय करायचं ते धर्मनियम जाणणाऱ्याला विचारायला अथेन्सला माणूस धाडला. म्हणजे बाप आपल्या परीने रीतीनेच वागत होता. पण निरोप परत येईपर्यंत खंदकाकडे कोणी फिरकलं नाही. खुनीच तो, मेला तर मेला! भुकेने, थंडीने आणि त्या दोरखंडांनी तो मेला. प्लेटोने त्याचं नावसुद्धा दिलेलं नाही. तुझ्या निबंधात तर तो अर्ध्या वाक्यातच संपतो.

अथेन्समध्ये खुनाचा खटला साधारणपणे मृताचे नातेवाईक भरत. या मजुरासाठी कोण उभं राहणार होतं? युथिफ्रो सॉक्रेटिसला सांगतो की मेलेला घरचा की परका हे पाहायचंच नाही, मारणं न्याय्य होतं की नाही एवढंच पाहायचं. हे मूर्खाचं बोलणं नाही. मला तर ते फार मोठं वाटतं.

त्याचं चुकतं ते पुढे. घरचे संतापलेत, मुलाने बापाला कोर्टात खेचणं हे पाप आहे असं म्हणताहेत, आणि याच्या मनाला साधा ओरखडासुद्धा नाही. देवांचा राजा झ्यूसनेही आपल्या बापाला बेड्या घातल्याच होत्या, हा दाखला देऊन तो मोकळा होतो. इ. स. पूर्व 399 मधली ही भेट. सॉक्रेटिस स्वतःवरच्या आरोपासाठी कोर्टापाशी आलेला आहे आणि त्याला नवल वाटतं ते या माणसाच्या खात्रीचं.

तू लिहिलंस, ‘दोन कर्तव्यांपैकी एक खरं असतं, दुसरं भास.’ इथे मात्र तुझी नि युथिफ्रोची वाट एकच होते. एकच कृत्य एका देवाला आवडेल आणि दुसऱ्याला नाही, हे सॉक्रेटिस युथिफ्रोच्या ‘देवांना आवडतं ते पवित्र’ या व्याख्येतली खोट म्हणून दाखवतो. शोकांतिका लिहिणाऱ्यांना तीच माणसाची खरी अवस्था वाटली असती.

सोफोक्लिजचं ‘फिलॉक्टेटिस’ (इ. स. पूर्व 409) हे नाटक काढ आणि त्यातल्या तरुण निओप्टोलेमसकडे बघ, तो तुझ्याच वयाचा असेल. लेम्नॉस बेटावर पायाची सडकी जखम घेऊन एकटा टाकलेला फिलॉक्टेटिस, त्याचं धनुष्य फसवून आणायचं, कारण त्यावाचून ग्रीकांना ट्रॉय नगर जिंकता येणार नाही. पोराला ते जमतंही. कळा असह्य झाल्यावर फिलॉक्टेटिस विश्वासाने धनुष्य त्याच्याच हातात देतो आणि झोपी जातो. ते धनुष्य धरून उभा असलेला तो पोरगा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढे ‘आता मी काय करू?’ असं तो कळवळून म्हणतो, आणि अखेर त्याला या कामाला लावणारा ओडिसियस सैन्याचा धाक घालत असतानाही धनुष्य परत करतो. खोट्याचा त्याला त्रास झाला म्हणून अ‍ॅरिस्टॉटलनेही त्याला चांगलं म्हटलंय. पण ट्रॉयसमोर अडकलेले सैनिक त्यामुळे भास ठरत नाहीत. त्यांचं देणं तसंच उरतं.

अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचं नववं पुस्तकही उघड. लुटारूंपासून तुला कोणी पैसे भरून सोडवलं. आता तो अडकला आणि तुझे वडीलही अडकले, तर आधी कोणाला सोडवशील? तो वडील म्हणतो. पण असले निवाडे नेमकेपणाने करणं सोपं नाही हे कबूल करतो आणि पुढे सांगतो की म्हणून सोडून द्यायचं नाही, जमेल तेवढं तरी निवडत जायचं. माझ्या मनाला याने फार धीर दिलाय.

तेव्हा पहिलं पान फाड. खंदकापासून सुरुवात कर. मग घरच्यांचा संताप तितक्याच जोराने लिही, जणू तू त्या बापाचा वकील आहेस. निकाल हवा तर शेवटी दे, पण ज्याच्या विरुद्ध देशील त्याचं काय बुडालं तेही लिही. पुढच्या आठवड्यात घेऊन ये, सोबत बसून वाचू.

तुझा,
सर