वाचक विचारतात : सत्कार माजी विद्यार्थ्यांचा, सुरुवात जनरल रजिस्टरपासून

प्रश्न : परळमधली आमची मराठी माध्यमाची शाळा पुढच्या वर्षी पंचाहत्तरीत जाते. कर्तबगार माजी विद्यार्थ्यांचा गौरव करायचा आहे. व्हॉट्सॲपवर नावं मागवली, तर दोन दिवसांत 140 आली. निवडायची कशी? – एक मुख्याध्यापिका

उत्तर : आलेली यादी म्हणजे नुसत्या सूचना. शाळेचं जनरल रजिस्टर काढा आणि प्रत्येक नावापुढे नोंदणी क्रमांक, प्रवेशाची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख लिहा. क्रमांक मिळेपर्यंत कोणाला फोन करू नका. 'आमच्या शाळेचा' म्हणून मिरवलेला माणूस शेजारच्या शाळेचा निघाला, तर निमंत्रण परत घेता येत नाही.

नाव सापडलं नाही म्हणून लगेच वगळूही नका. मुलींची नोंद माहेरच्या नावाने असते आणि गटावर त्या सासरच्या नावाने असतात. त्यामुळे अर्जात 'शाळेत असतानाचं पूर्ण नाव' हा रकाना हवाच. 'दहावीचं वर्ष' विचारू नका, 'एस.एस.सी.चं वर्ष' विचारा. 1975 च्या आधीच्या तुकड्या अकरावीला एस.एस.सी. झाल्या आहेत आणि ही ज्येष्ठ मंडळी दहावीचा रकाना कोरा सोडतात.

दोन शाळांत शिकलेल्यांवरून वाद होतात. सचिन तेंडुलकर आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, नंतर दादरच्या शारदाश्रमात आला. दोन्ही शाळांनी त्याचं नाव लावलं तर बिघडत नाही, फक्त इयत्ता आणि वर्षं लिहावीत. डॉ. आंबेडकर 1907 मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, असं एक वाक्य फलकावर असलं की 'आमचे थोर विद्यार्थी' या मोघम ओळीची गरज उरत नाही.

निवड समिती पाच जणांची पुरे : दोन निवृत्त शिक्षक, एक आताचे, आणि वेगवेगळ्या दशकांतले दोन माजी विद्यार्थी. ज्याचा नातेवाईक यादीत असेल त्याने त्या नावापुरतं उठून जावं. देणगीदारांची यादी पूर्णपणे वेगळी ठेवा, त्यांचे आभार वेगळ्या वेळी माना. एकदा मिसळली की पुढच्या वर्षीपासून सत्काराला भाव फुटतो. आणि एक आग्रह : परळच्या शाळेच्या यादीत फक्त डॉक्टर आणि अमेरिकेतले इंजिनीअर असतील तर ती यादी चुकली आहे. गिरणी कामगाराच्या घरातून येऊन केईएम रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून तीस वर्षं काढलेली बाई किंवा अग्निशमन दलातला जवान, यांना मुलं जास्त प्रश्न विचारतात.

बारापेक्षा जास्त नावं घेऊ नका. शाल, श्रीफळ, परिचय आणि दोन शब्द धरून माणशी पाच मिनिटं म्हटलं तरी तासभर होतो, आणि पाच मिनिटांत कोणी आटोपत नाही. बाराच्या बारा जणांना माइक देण्यापेक्षा दोघांनाच व्यासपीठावर बोलू द्या. सत्कारानंतर बाकीच्यांना वर्गांत पाठवा : एक पाहुणा, चाळीस मुलं, एक तासिका. प्रश्न मुलांकडून आदल्या आठवड्यात लिहून घ्या, नाहीतर पहिला प्रश्न 'तुम्हाला किती पगार?' असतो. (तो वाईट नाही, पण पहिला नको.)

प्रश्न : प्रदर्शनासाठी जुने गटफोटो हवेत, पण ते फ्रेमच्या काचेला चिकटलेत. शिवाय मागच्या वेळी फलकावर नावं चुकीची छापली गेली. – माजी विद्यार्थी संघाचे कार्यकर्ते, गिरगाव

उत्तर : फोटो ओढू नका. मुंबईच्या दमट हवेत फोटोवरचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहरे काचेवरच राहतात. काच पुसून काचेसकट 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. गटफोटोतला अर्ध्या इंचाचा चेहरा त्यात 300 ठिपक्यांचा होतो. फलकावर तो तीन इंचांपर्यंत चांगला दिसतो, फूटभर केला की नुसते ठोकळे.

नावं बिघडतात ती बहुधा फॉन्टमुळे. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, फ्लेक्सवाला जुन्या फॉन्टमध्ये उतरवतो आणि गोऱ्हे, कुऱ्हाडे, बोऱ्हाडे यांची वाट लागते. मजकुरासोबत पीडीएफ द्या, साध्या कागदावर प्रूफ मागा, आणि दोघांनी बसा : एकाने रजिस्टरमधून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं. दुरुस्त्या संपल्यावरच मजकूर 'कर्व्ह'मध्ये, म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांमध्ये, बदलायला सांगा. त्यानंतर फॉन्ट हलत नाही.

मजकूरही तपासा. 'विश्वविक्रम' हा शब्द दिसला की थांबा. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेत शारदाश्रमच्या सचिन (नाबाद 326) आणि विनोद कांबळी (नाबाद 349) यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली. तो विक्रम 2006 मध्ये हैदराबादच्या शाळकरी जोडीने 721 धावा करून मोडला. म्हणजे फलकावर 'तेव्हाचा विक्रम' हवं. एका माणसाला साठेक शब्द पुरतात. फलकाचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, म्हणजे पाचवीतल्या मुलाला मान वर करावी लागणार नाही.

प्रश्न : कार्यक्रम रविवारी मैदानात ठेवावा का? – एक शिक्षक, मुलुंड

उत्तर : शनिवारी सकाळी ठेवा. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) असतो आणि त्याचं वेळापत्रक निमंत्रणं गेल्यावर जाहीर होतं. कल्याण-डोंबिवलीत राहायला गेलेली माणसं वाटेतच अडकतात. महिना डिसेंबर : परदेशातली मंडळी नाताळच्या सुट्टीत येतात आणि दहावीची पूर्वपरीक्षा पुढे असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा बोर्डाचं परीक्षा केंद्र असेल तर सभागृह हातात राहत नाही.

मैदानात ध्वनिक्षेपक लावायचा तर स्थानिक पोलीस ठाण्याची परवानगी दोन-तीन आठवडे आधी मागा. शाळेभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून घोषित असेल तर दिवसाची मर्यादा 50 डेसिबल, म्हणजे साध्या बोलण्याएवढीच. सभागृहात दोन्ही भिंतींना चार लहान स्पीकर लावले तर शेवटच्या बाकालाही ऐकू जातं आणि आवाज वाढवावा लागत नाही.

प्रश्न : अमेरिकेतला आमचा वर्गमित्र शाळेला देणगी देऊ इच्छितो. घ्यावी का? – एक वाचक, दादर

उत्तर : आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते, आणि संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. कोणा विश्वस्ताच्या खात्यावरून फिरवून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.